जमीन कुणामुळे हलते

आपली वाडी,
१४ जानेवारी

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. आधी वाटलं, रेंज नसेल. मग आईच्या फोनवरून लावला, तर पहिल्याच रिंगला उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. ठीक आहे. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

शाळेच्या संस्थेची नोटीस मिळाली. खाली सचिव म्हणून तुझी सही. 'श्रीमती नम्रता यांनी सहावीच्या वर्गात ग्रामदेवतेविषयी अनादर निर्माण होईल असे शिकविले. लेखी माफी द्यावी, अन्यथा निलंबन.' सख्ख्या बहिणीला 'श्रीमती' लिहिताना तुला काहीच वाटलं नाही का रे?

माफी देणार नाही. पण मी काय शिकवलं तेच नोटिशीत चुकीचं लिहिलंय, म्हणून ते नीट लिहून पाठवते. संस्था चालवणाऱ्या तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखव. मुंबईत बसून तुम्ही ठराव करता, तर निदान कशावर करता ते तरी कळू दे.

आधी इथं काय झालं ते. आपल्या खालच्या अंगाला राहते ती हौसावहिनी. मुंबईत गावकीच्या खोलीत तुझ्या शेजारी अंथरूण टाकायचे त्या जानूभाऊंची बायको. जानूभाऊ गेल्यावर ती आणि तिची पूर्वी, दोघीच. डिसेंबरात तिनं बोअर मारली. देवीच्या मूळस्थानापासून हाकेच्या अंतरावर, पण स्वतःच्या जागेत. जांभा संपून काळा दगड लागला तेव्हा यंत्रातून राखाडी धुळीचा लोट उठला. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, 'कोकणात ज्वालामुखी जागा होतोय.' तो तुझ्यापर्यंतही आला असणार.

बोअरला पाणी लागलं. आणि जानेवारी उजाडताच जमीन हलली. आपल्याला धक्के नवीन नाहीत, लहानपणी तू तर म्हणायचास की भुताची बस गेली. पण या वेळी एकामागून एक बसले. गावकर, म्हणजे गावकीचे प्रमुख, म्हणून रावजीकाकांनी सभा बोलावली. हौसानं भुईच्या पोटाला भोक पाडलं, देवी कोपली, बोअर बुजवायची. बुजवत नाही तोवर तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिच्याकडचं पाणी भरायचं नाही आणि शिमग्याला पालखी तिच्या दारात जाणार नाही. असा निवाडा झाला आणि तुमच्या मंडळानं फोनवर त्याला होकार दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात पूर्वीच्या बाकावर कोणी बसेना. गंगा म्हणाली, "बाई, हिच्या घरातून लाव्हा येणार हाय." वर्ग हसला नाही, दादा. घाबरला होता. पूर्वी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, खरंच येणार असंल तर सांगा. मी आयेला घेऊन कुठंतरी जाते."

अकरा वर्षांची पोर. तिला मी काय सांगायला हवं होतं? 'देवीला विचार' असं?

मी फळ्यावर आंबा काढला. म्हटलं, पृथ्वी अशी समजा. साल म्हणजे भूकवच. त्यावर आपण, आपली वाडी, अख्खी मुंबई आणि समुद्र. गर म्हणजे प्रावरण, कोय म्हणजे गाभा. साल फळाच्या मानानं पातळ असते, तसंच भूकवच. गंगानं विचारलं, "मग आत सगळा रस?" नाही. तिथंच मोठी माणसंही चुकतात. प्रावरण घट्ट खडकाचंच आहे, फक्त इतकं तापलेलं की ते फार म्हणजे फार हळू सरकतं. काही थोड्या ठिकाणीच खडक वितळतो. तो जमिनीखाली आहे तोवर त्याला मॅग्मा म्हणायचं, बाहेर आला की लाव्हा. आणि ज्या तोंडातून तो बाहेर येतो तो ज्वालामुखी.

आता भूकंप. ही साल अखंड नाही, तिचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. आपली नखं वाढतात साधारण तेवढ्या वेगानं ते सरकतात. सरकताना खडक एकमेकांत अडकतात, ताण साठत जातो आणि मग एकदम सुटतात. मी लाकडी पट्टी वाकवत नेली. ती कडाडून मोडली तेव्हा पुढच्या बाकावरची पोरं दचकली. म्हटलं, हाच भूकंप. आत जिथं खडक सुटतो ती नाभी, तिच्या बरोबर वर जमिनीवर अपिकेंद्र. तिथून लाटा निघतात, तळीत दगड टाकल्यासारख्या, आणि आपल्या मांडणीवरची भांडी वाजवतात.

आपण भूपट्टांच्या कडेला नाही. पण कडेपासून लांबही जुन्या भेगा असतात, त्यांच्यावरही ताण असतो. कोयनेकडे तशा आहेत. धरण भरल्यापासून तिथं धक्के बसत आलेत. पाण्याचं ओझं आणि भेगांत मुरणारं पाणी यामुळे आधीच ताणलेले खडक सुटतात, असं शास्त्रज्ञ सांगतात.

राहिला लाव्हा. ज्वालामुखी काही जागृत असतात, काही सुप्त, काही मृत. आपल्या देशातला जागृत अंदमानकडच्या बॅरन बेटावर आहे, इथं नाही. पण आपल्या पायाखालचा काळा दगड हा लाव्हाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि गोठले. पुढं उन्हापावसानं त्याचाच वरचा भाग झिजून, बदलून तांबडा जांभा झाला. म्हणजे हौसाच्या घरातून लाव्हा येणार नाही. तो केव्हाच येऊन गेला. आपण त्याच्यावर भात लावतो.

मग पोरांना बाकाखाली बसायला शिकवलं. डोकं हातांनी झाकायचं, बाकाचा पाय धरायचा, हलणं थांबेस्तोवर दाराकडं पळायचं नाही. बाहेर असाल तर भिंती, झाडं, तारा यांच्यापासून लांब. भूकंप कधी होणार ते आधी कोणालाही सांगता येत नाही, मग तो भगत असो की व्हिडिओवाला.

झालं. एवढंच शिकवलं. देवीचं नाव एकदाही घेतलं नाही. अनादर कुठं दिसला ते लाल पेनानं खूण करून पाठव.

आई बरी आहे. मीही बरी आहे. कोणाला घाबरत नाही.

नम्रता


आपली वाडी,
२९ जानेवारी

दादा,

निलंबनाचा कागद पोचला. हेडमास्तर गुरुप्रसाद सरांनी तो माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, माझी दोन वर्षं राहिलीत." मी त्यांना म्हटलं, "सर, तुमच्यावर राग नाही." खोटं बोलले. होता.

तुला एक गंमत सांगते. रावजीकाकांनी माझाच धडा माझ्यावर उलटवला. गंगानं घरी जाऊन सांगितलं की धरणाच्या पाण्यानं भूकंप होतो. ते फिरत फिरत काकांच्या कानावर गेलं. सभेत ते उभे राहिले, "बाई स्वता म्हणते की पाण्यानं जमीन हलते. मग हौसाचं पाणी येगळं हाय काय?" सगळे टाळ्या पिटायला लागले. मला बोलू दिलं नाही.

दादा, प्रश्न चांगलाच आहे. सहावीतल्या पोरानं विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. उत्तर असं आहे. धरणाचं पाणी म्हणजे पन्नासेक किलोमीटर पसरलेला पाण्याचा डोंगर. तो वर्षानुवर्षं खालच्या खडकांवर बसलाय आणि दर पावसाळ्यात वरखाली होतोय. धक्के सुटतात ते जमिनीखाली काही किलोमीटर खोल. हौसाची बोअर दोनशे फूट. तिच्यातून निघतात ते दिवसाचे चार हंडे. हत्ती बसला म्हणून बाकडं मोडलं, तर माशीलाही बाकड्यावर बसायची बंदी घालायची का?

हे सभेत सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहितेय.

आणि हो, शिकवणं थांबलेलं नाही. रोज संध्याकाळी हौसाच्या अंगणात बसते. पहिल्या दिवशी पूर्वी एकटी होती. परवा गंगा आली, रावजीकाकांची नजर चुकवून, मागच्या काजूच्या बागेतून. काल आणखी काही. तुमच्या संस्थेच्या अंगणावर तुमचा अधिकार असेल, हौसाच्या नाही.

मागच्या पत्रात 'आई बरी आहे' असं लिहिलं. तब्येत बरीच आहे. पण ती माझ्याशी बोलत नाही, ते लिहिलं नव्हतं. ताट वाढते, पाणी ठेवते आणि पाठ फिरवून बसते. तू तिला फोनवर जे म्हणालास ते मला ऐकू आलं होतं. "उद्या तुला काही झालं तर खांदा द्यायला गाव लागेल ना आई? हिच्यामुळं कोण येईल?" बाबा गेले तेव्हा अख्खा गाव आला होता, हे मीही विसरलेले नाही. पण म्हाताऱ्या बाईला तिच्या मरणाची भीती घालणं हे काम तू केलंस. रावजीकाकांनीसुद्धा केलं नाही.

नम्रता


रत्नागिरी,
१२ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र सरकारी इस्पितळातून लिहितेय. पूर्वीच्या पायाचं ऑपरेशन झालं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

गेल्या आठवड्यात भरदुपारी मोठा धक्का बसला. मोठा म्हणजे आपल्या मानानं. घरं पडली नाहीत, कौलं निसटली, गुरं दावणीला हिसडे द्यायला लागली. हौसाच्या परड्यातला चिऱ्यांचा गडगा, ती कुंपणाची भिंत, गेल्या पावसाळ्यात फुगला होता. ती तो जानेवारीत बांधून घेणार होती, पण कोणी गडी यायला तयार नव्हता, तुमच्या निवाड्यामुळं. त्या गडग्याला बकरीचं करडू बांधलेलं होतं. पूर्वी अंगणात मोकळ्यावर होती, अगदी सुरक्षित. ती धावली ती गडग्याकडं. करडू सुटलं. चिरे तिच्या मांडीवर आले.

मी पोचले तेव्हा हौसा हातांनी चिरे उपसत होती. आजूबाजूच्या खळ्यांत, आपापल्या अंगणात, माणसं उभी होती. उभी होती, दादा. मी शिवाला हाक मारली. त्याची रिक्षा समोरच लावलेली. तो खाली बघत म्हणाला, "ताई, मला गावात ऱ्हायचाय."

"आणि हिला?" मी विचारलं.

मी एकशेआठला फोन लावला. गाडी चिपळूणहून निघाली, पण वाडीत शिरणारा रस्ता तुला माहीत आहे. हौसानं आणि मी पूर्वीला घोंगडीत घेतलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. वाटेत घोंगडीची मागची दोन टोकं कोणीतरी धरली. वळून पाहिलं तर गंगाची आई, मथुरा. तिनं डोक्यावरून पदर असा ओढला होता की जणू त्यामुळं ती कोणाला दिसणारच नव्हती. अलोऱ्याच्या फाट्याला गाडी मिळाली, चिपळूणच्या डॉक्टरांनी हाड बघून रत्नागिरीला न्यायला सांगितलं. हातखंब्याला वळेपर्यंत पूर्वीनं हूं की चूं केलं नाही. तिथं गाडी आचके खात वळली तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली, आणि मला बरं वाटलं, कारण तोवर तिचं गप्प राहणं मला सहन होत नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "बाई, मला ठाऊक होतं भिंतीकडं जायचं नाय. पण करडू बांधलेलं होतं ना."

यावर शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

वॉर्डात पोरांची गर्दी आहे. झाडावरून पडलेली, गाडीनं उडवलेली. पूर्वी त्यांना सांगते की तिला भूकंपानं पाडलं, आणि त्यात तिला आता थोडी ऐट वाटायला लागलीय. शेजारच्या खाटेवर भावेश नावाचा आरवलीकडचा मुलगा आहे. त्यानं विचारलं, "आमच्याकडं जमिनीतून कढत पाणी येतं, मग आमच्याकडं ज्वालामुखी हाय?" वॉर्ड कान टवकारून बसला. मी म्हटलं, नाही रे. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं. जसं खोल जावं तसा खडक तापलेला असतो. पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. त्याला लाव्हा लागत नाही. तो हिरमुसला. त्याला गावात ज्वालामुखी हवा होता. मग विचारतो, "भूकंप मोजतात कसा?" मी सलाइनच्या स्टँडला सुतळीनं पेन टांगलं, खाली कागद सरकवत नेला आणि पूर्वीला स्टँड हळूच हलवायला सांगितलं. कागदावर नागमोडी रेघ उठली. खऱ्या भूकंपमापक यंत्रात पेन टांगलेलं असतं, ते जागच्या जागी राहायला बघतं आणि जमीन कागदाला हलवते, एवढं सांगतेय तोवर नर्सबाई आल्या. "काय चाललंय हे?" मला वाटलं ओरडतील. त्यांनी स्टँड काढून घेतला, आणि मग विचारलं, "रिश्टर म्हणजे काय मग?"

तर तुमच्या संस्थेनं मला वर्गातून काढलं आणि मला वॉर्ड मिळाला.

काल दुपारी आई आली. एकटी, एसटीनं, गाड्या बदलत. मी दारात बघतच राहिले. इतक्या दिवसांनी तिचं पहिलं वाक्य होतं, "पोरीला भाकर चावते काय?" डब्यात पेज होती, मऊ केलेली, वर लोणच्याचा खार. तिनं स्वतः पूर्वीला भरवली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू जेवलीस काय गो?"

त्यानंतर मी बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

नम्रता


आपली वाडी,
२६ फेब्रुवारी

दादा,

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवते. माणसाला वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, तसा कायदाच आहे. मी पोलिसांकडं अर्ज दिला. हौसाचा अंगठा आहे, माझी सही आहे. निवाडा देणाऱ्यांत रावजीकाकांचं नाव आहे आणि त्याला होकार देणाऱ्यांत तुझं.

तुझं नाव मीच लिहिलं. साहेबांनी विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "सख्खा भाऊ." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

तू आता म्हणशील की घरातलं भांडण बाहेर नेलंस. ते घरात नव्हतंच. ते गावाच्या चव्हाट्यावर होतं आणि एक पोर त्याच्याखाली सापडली. गडगा भूकंपानं पडला, हे मी वर्गात शिकवीन. तो बांधायला कोणी आलं नाही, रिक्षा हलली नाही, हे भूकंपानं केलं नाही. ते माणसांनी केलं. पृथ्वीच्या माथी मी ते मारणार नाही आणि देवीच्याही नाही.

पूर्वीला घरी आणलंय. कुबड्या आहेत. आई रोज तिच्याकडं जाते. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या खळ्यांसमोरून.

मला भीती वाटत नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. वाटते. घरावर दगड आला एकदा. भांडं पडलं तरी दचकते, आधी धक्का वाटतो, मग माणूस. तरी अर्ज मागं घेणार नाही. शिमग्याला येशील तेव्हा समोरासमोर बोलू.

नम्रता


आपली वाडी,
१९ मार्च

दादा,

बोलणं झालंच नाही. तू पालखीबरोबर आमच्या अंगणात आलास, आणि अर्ध्यातून बॅग उचलून चिपळूण स्टेशनला गेलास. पुढं काय झालं ते तुला मंडळाच्या लोकांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं असेल. माझ्या पद्धतीनं ऐक.

तू पाहिलंस तिथून सुरू करते. ढोल थांबला होता. आई उंबऱ्यात बसली होती, ओटीचं ताट मांडीवर. पहिला मान आपल्या घराचा. आपली ओटी झाल्याशिवाय पालखी पुढच्या घरी जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक. लग्न होऊन आली तेव्हापासून आईनं एक शिमगा चुकवलेला नाही. बाबा गेले त्या वर्षीचा सुतकातला तेवढा.

रावजीकाका म्हणाले, "सोनूबाय, ऊठ. देवी दारात हाय."

"दिसते मला. पहिला मान माज्या घराचा ना?"

"व्हय."

"मग माज्या घराचा मान मी यंदा हौसाच्या दाराला दिला. आधी तिकडं न्या. मग मी ओटी भरीन."

तू पुढं झालास, "आई, तमाशा करू नकोस, लोक बघतायत." आणि ती तुला म्हणाली, "बघू देत. त्या दिवशी पोरीवर चिरे पडले, तवाबी बघतच होते." मग तू तिच्यापुढं ते खांदा द्यायचं परत काढलंस. त्यावर ती काय म्हणाली ते तू ऐकलंस, पण मी लिहूनच ठेवते, म्हणजे विसरता येणार नाही. "मी मेल्यावर मला कोण उचलतंय ते मला काय कळणार, विनीत? जित्तेपणी मान खाली घालून ऱ्हायला लागू नये, येवढंच मला कळतंय."

तिथून तू गेलास.

ऊन चढत होतं. पालखी खाली ठेवता येत नाही. ती फक्त सहाणेवर, तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावरच टेकायची. पुढच्या दांडीला शिवा होता, घामानं निथळत. कोणीतरी म्हणालं, हे घर सोडून पुढं चला. रावजीकाकांनीच त्याला गप्प केलं, "पहिला मान सोडून? माज्या हयातीत नाय." दादा, हा माणूस रूढीचा इतका पक्का आहे की तीच रूढी त्याच्या आड आली, आणि तिथंही त्यानं लबाडी केली नाही. एवढं मी त्याच्या पदरात घालते.

आई हलेना, पालखी हलेना. शेवटी शिवा बोलला, "काका, खांदा भरून आला. हितं उभं ऱ्हायचं का चालायचं, येवढं सांगा. आणि माजं इचाराल तर मी हौसाकाकीकडं चाललो. पोर घोंगडीतनं गेली आनी माजी रिक्षा दारात व्हती. मला झोप नाय."

रावजीकाका माझ्याकडं वळले. मी पडवीत उभी होते.

"बाय, तिची बोअर किती खोल?"

"दोनशे फूट."

"आनी भूकंप किती खोल व्हतो?"

"आपल्याकडचे काही किलोमीटर खोल, काका. बोअर तिथवर पोचायची तर अशा पन्नास-शंभर, कधी त्याहूनही जास्त बोअरी एकीखाली एक माराव्या लागतील."

"मोठ्यानं बोल."

मी मोठ्यानं बोलले. मग जवळ येऊन ते हळूच म्हणाले, "मला पटलं असं समजू नको. लोकास्नी ऐकू जायाला पायजे व्हतं, म्हणून इचारलं." आणि ढोलवाल्याला हात केला, "चला."

सगळे गेले नाहीत. वरच्या अंगाची काही घरं तिथूनच परत फिरली, त्यातले काही तुझे मित्र. ती अजून आमच्याशी बोलत नाहीत. पण पालखी गेली. हौसाला कोणी सांगितलंच नव्हतं. ती धुण्यात होती, हात साबणाचे. घरात नारळ नाही, सुपारी नाही. मागोमाग आलेल्या आईनं आपलं ताट तिच्या हातात दिलं. पूर्वी कुबड्यांवर उभी. हौसा रडेल असं मला वाटलं होतं. ती पालखीकडं बघून म्हणाली, "येवढा उशीर?" ते देवीला म्हणाली की गावाला, मला कळलं नाही. रावजीकाकांनी मात्र मान खाली घातली. मग पालखी उलटी फिरून आपल्या दारात आली आणि आईनं दुसरं ताट भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुप्रसाद सर घरी आले. म्हणाले, "संस्थेचा कागद येईल तेव्हा येईल. सहावी बसून आहे. तुम्ही या."

"सर, तुमची दोन वर्षं?"

"ती जातील कशीही."

मी गेले. आणि ऐक, दादा, या सोमवारी भरदुपारी पुन्हा धक्का बसला. लहानच. ओटी भरून झालेली, देवी प्रसन्न, तरी बसला. मी काही सांगायच्या आत अख्खा वर्ग बाकांखाली होता. पूर्वीला बाकाखाली जाता येत नाही, तर गंगानं तिच्या डोक्यावर दप्तर धरलं आणि स्वतः तिच्यावर वाकून राहिली. थांबल्यावर सगळे बाहेर आले. कोणीही हौसाच्या घराकडं बोट दाखवलं नाही. एकानं फक्त विचारलं, "बाई, या खेपेला किती रिश्टर?"

अर्ज मी मागं घेतलेला नाही. बाकीची घरं बोलायला लागली, की हौसाला विचारून ठरवीन. तुझं नाव त्यातून काढायचं असेल तर मला फोन करू नकोस. नंबर ब्लॉकच राहू दे. गावात ये, तिच्या अंगणात जा, आणि जे मुंबईतून म्हणालास ते चुकलं असं तिच्या तोंडावर सांग. ती काय म्हणेल ते तिचं ती बघेल.

आणि एक. वाडीची विहीर तळाला गेलीय. तुला आठवत असेल, दर वर्षी या दिवसांत जाते. आता आपल्या घरात हौसाच्या बोअरचं पाणी येतं. आई स्वतः कळशी घेऊन जाते. प्यायला तेच, भाताला तेच, देवपूजेलाही तेच. दुसरं पाणी घरात नाही. तू येशील तेव्हा पडवीत तुझ्यापुढं त्याच पाण्याचा तांब्या ठेवीन. प्यायलास तर आत ये.

नम्रता